ट्रक सुटण्याआधीचा नाताळ

आमच्या चर्चच्या मंडळीनं रूथामायला फसवलं. तिची जागा घेतली, त्या जागेवर हॉल बांधला आणि बदल्यात दिलेला शब्द मोडला. फसवणारे कोण तेही आताच सांगतो: मंडळीचे सेक्रेटरी प्रकाश सर, आमचे पाळकसाहेब आणि त्यांच्या शेजारी माना खाली घालून बसलेली सगळी पंच कमिटी. मी मंडपवाला. सायकलच्या कॅरिअरवर भोंगा बांधून गावोगाव बारशी-साखरपुडे केले, त्यातून धंदा उभा केला. शब्द देऊन फिरणारी माणसं जन्मभर पाहिली. पण ती बाजारातली होती. प्रार्थनेला उभं राहून शब्द देणारी आणि मग फिरणारी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती माझ्याच मंडळीतली निघाली.

दुसरी गोष्ट, रूथामाय जिवंत आहे. हे सांगावं लागतं, कारण मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर दोन बाया चपला शोधता शोधता बोलत होत्या, "रूथामाय किती मायाळू होत्या, नाही?" होत्या, म्हणे. माणसाला गावाबाहेर घालवलं की त्याचा भूतकाळ करून टाकायचा आणि चांगलं बोलून मोकळं व्हायचं. मी तिथल्या तिथं बोललो, "होत्या नाही, आहेत." त्या माझ्याकडं अशा पाहायला लागल्या, जसं काही मीच भांडण उकरून काढलं.

तर ती कशी आहे ते ऐका.

बुटकी, काळीसावळी, सत्तरीपुढची बाई. लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया असा सदरा घालतात, उसाचं पातं हात कापतं म्हणून. रूथामायनं ऊस सोडून जमाना झाला, पण सदरा काही सोडला नाही. रोजचा मळकट निळा, रविवारचा पांढरा, इस्त्री केलेला. प्रकाश सरांच्या बायकोनं एकदा गोड आवाजात सुचवलं, की मावशी, चर्चमध्ये तरी सदरा काढून येत जा, बाहेरचे पाहुणे येतात. रूथामाय म्हणाली, "पाहुन्यायचं ठीक हाये बाई, पन देवानं मले वळखलं पाह्यजे ना. तो मले याच्यातच पाहून राह्यला इतके वर्सं."

आमचं गाव अनसिंगच्या बाजूला. चर्च लहान, टिनाचं. मंडळीत नोकरीवाली थोडी घरं, शेती करणारी थोडी, आणि नदीपलीकडच्या वस्तीवरची घरं. ही वस्तीवरची माणसं दरसाल ऊसतोडीला जातात. सोयाबीन निघालं, घरात आलं, की मुकादम ट्रक घेऊन येतो. नवरा-बायको, लेकरं, भांडी, कोंबड्या असं सगळं घर ट्रकमध्ये चढतं आणि पश्चिमेकडं कुठल्या तरी कारखान्यावर जातं. परततात ते उन्हं तापल्यावर. म्हणजे पंचवीस डिसेंबरला आमच्या चर्चमधली मागची बाकं दरसाल रिकामी. पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांना ती दिसत नाहीत, कारण ते पुढं पाहतात.

रूथामायला दिसत होती.

वर्षाचा कार्यक्रम ठरवायची बैठक आमच्याकडं पोळ्याच्या सुमाराला होते. पंच खुर्च्यांवर बसतात. रूथामाय दाराशी खाली बसायची, समोर सुपात तूर नाहीतर मूग घेऊन. निवडत राहायची. वर पाहायची नाही. कुणी कोणतीही तारीख काढली की तिचा एकच प्रश्न असायचा, "त्या दिशी गावात कोन राहीन?"

पेरणीची प्रार्थना जूनच्या पहिल्या रविवारी ठेवायची का? त्या दिशी गावात कोन राहीन? पाऊस आला तर सारे वावरात राहतीन, देवाले एकटंच बसा लागीन चर्चमंदी. मग ठरायचं, पेरणीच्या आधी जो रविवार सापडेल तो. बियाण्याच्या थैल्या दारात ठेवायच्या, प्रार्थना झाली की जिकडच्या तिकडं. मुलांची सुट्टीतली बायबल शाळा एप्रिलमध्ये घ्यायची का? गावात कोन राहीन? वस्तीवरचे लेकरं तवा कारखान्यावरच असतीन. मग शाळा मे महिन्यात.

आम्ही बाप्टिस्ट. लहान लेकराच्या कपाळाला पाणी लावत नाही. माणूस जाणता झाला, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केला, की नदीच्या डोहात पुरतं बुडवून बाप्तिस्मा देतो. प्रकाश सर सेक्रेटरी झाले तेव्हा पहिल्याच बैठकीत म्हणाले, शहरातल्या मंडळ्यांमध्ये ईस्टरला बाप्तिस्मे होतात, आपणही ईस्टरला घेऊ. सर वाशीमला कॉलेजात शिकवतात, चांगलं बोलतात, कागदावर रंगीत पेनानं चौकोन आखून आणले होते. रूथामायनं सुपातला खडा उचलून दाराबाहेर टाकला.

"ईस्टरले नदीत पाय बुडत नाही सर. मानूस कसा बुडवान?"

पाळकसाहेबसुद्धा हसले. सर हसले नाहीत. मी तेव्हाच ओळखलं, या माणसानं हे मनात ठेवलं. गिऱ्हाईक भाव पाडताना हसलं तर भीती नाही. गप्प झालं की समजावं, ते पुढं कुठं तरी वसूल करणार.

आता ट्रक सुटण्याआधीचा नाताळ. हा रूथामायनं सुरू केला. मी धंद्यात नवा होतो तेव्हापासूनचा आहे. वस्तीवरचे लोक जाण्याच्या आदल्या दिवशी तिच्या अंगणात नाताळ व्हायचा. तिचं घर चर्चला लागून, दोन खोल्यांचं, पण समोर मोकळं अंगण मोठं. तिथं मी मंडप टाकायचो. बाजारात दिवाळीचे आकाशकंदील आलेले असायचे, त्यातला चांदणीचा आकार पाहून ती घ्यायची आणि मंडपाच्या मधोमध टांगायची. दुकानदार विचारायचा, माय, तुमच्यात दिवाळी कायची? ती म्हणायची, "तू इकून मोकळा हो. मी कायले लावतो ते माह्यं मी पाहीन."

सकाळी उपासना, नाताळची गीतं, मग वस्तीवरच्या लेकरांचं नाटक. मेंढपाळ व्हायला सगळे तयार, कारण शेळ्या घरच्याच असायच्या. मग पंगत: पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. ऊसतोडीच्या टोळीत नुसते ख्रिस्ती थोडेच असतात. हिंदू घरं जास्त, तीही येऊन बसायची. दुसऱ्या दिवशी ट्रक. पंचवीस डिसेंबरला मग राहिलेल्यांचा नाताळ वेगळा, कोट-टाय घालून.

छापील कार्यक्रमपत्रिकेत सगळ्या तारखा असायच्या. एका ओळीत मात्र तारीख नसायची. तिथं छापलेलं असायचं, "ट्रकच्या आदल्या दिवशी." कारण ट्रक कधी येणार ते कारखाना ठरवतो. प्रकाश सरांना या ओळीची लाज वाटायची. म्हणायचे, पत्रिका बाहेर जाते, लोक हसतात. मी विचारलं होतं, कोण हसलं, नाव सांगा.

तारीख नव्हती तरी तो दिवस रूथामाय कमावून आणायची. देवसिंग मुकादम, बंजारा माणूस, टोळीचा मालक. दसरा झाला की ही त्याच्या तांड्यावर जाऊन बसायची. एकदा मी माझ्या गाडीवर तिला घेऊन गेलो होतो, म्हणून तो सौदा माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्या वर्षी ट्रक आधीच येऊन उभे होते. देवसिंग म्हणाला, "माय, गाडी भरली की चालली. मले एक दिस परवडत नाही. कारखान्यावाला माह्या जिवावर उठते."

"बरं," रूथामाय म्हणाली आणि तिथंच बाजेवर बसली. त्याच्या बायकोला म्हणाली, चहा टाक. चहा पिऊन झाला. मग त्याच्या लेकीच्या बाळंतपणाचं विचारलं. मग त्याच्या गुडघ्याचं. मग पुन्हा चहा. देवसिंग आत-बाहेर करायला लागला.

"माय, तू जात काहून नाही?"

"मले कोठी जाचं हाये? माह्यं काम तर झालं नाही."

"मी नाही म्हनलो ना."

"म्हनला ना. मी आयकलं. आता तुह्यं व्हय म्हनाचं राह्यलं."

शेवटी तो हसायला लागला, आणि एक दिवस दिला. परत येताना मी तिला म्हटलं, माय, तू माझ्या धंद्यात असतीस तर मी उपाशी मेलो असतो. ती म्हणाली, "तू घाई करतं. तुले वाटते भाव बोलून होते. भाव बसून होते."

माझ्याबरोबरही तिनं असाच भाव केला. पहिल्या वर्षी मी मंडपाचं पूर्ण भाडं सांगितलं. तिनं हुज्जत घातली नाही. म्हणाली, ठीक हाये, मंडप उभा कर. मंडप उभा झाला. मग म्हणाली, आता खाली बस आन् पाह्य. लेकरं नाटक करत होती. एका पोरीला मरिया केलं होतं आणि तिच्या कडेवर तिचा खराखुरा लहान भाऊ होता, तो रडत होता, तरी ती संवाद म्हणत होती. पंगत झाली, लोक उठले, मी भाड्याचं काढणार तर ती म्हणाली, "सांग आता, काय भाव?" मला भाव सांगताच आला नाही. नंतर दरसाल मी मंडप नुकसानीतच टाकला आणि दरसाल तिच्याशी भांडलो, कारण भांडल्याशिवाय तिला तो घेतल्यासारखा वाटत नव्हता.

हा नाताळ तिनं का काढला, ते तिनं मला एकदाच सांगितलं. आम्ही मंडपाच्या दोऱ्या ताणत होतो. ती आणि तिचा नवरा तरुणपणी ऊसतोडीला जायचे. लेक बरोबर, चार-पाच वर्षांचा. कारखान्यावरच्या खोपटात पंचवीस तारीख आली. नवऱ्यानं अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली, तेव्हाचा मुकादम म्हणाला, देव सुट्टीवर गेला असल, तुमी फडात जा. सकाळी लेकानं विचारलं, माय, आज नाताळ हाये का? "मी म्हनलं, नाही रे, उद्या. दुसऱ्या दिशी त्यानं पुन्हा इचारलं. मी म्हनलं, उद्या. असं किती दिस केलं मले आठवत नाही. मंग एक दिस त्यानं इचारलंच नाही." दोरीची गाठ मारून ती म्हणाली, "तवा मी ठरवलं. नाताळ मांगं ढकलला का मरते. त्याले पुढंच आनला पाह्यजे."

तो लेक आता पुण्याला गाडी चालवतो. क्वचित येतो. चांगला आहे, पण चर्चमध्ये जात नाही. ती त्याला कधी काही म्हणत नाही.

आता हॉलचं. मंडळीला हॉल हवा होता. जागा नव्हती. जागा फक्त रूथामायच्या अंगणात होती. पाळकसाहेब आणि प्रकाश सर तिच्याकडं गेले, मलाही घेऊन गेले, कारण तिच्याशी बोलायचं म्हणजे भाव करणारा माणूस हवा असं त्यांना वाटलं. तिनं भाव केलाच नाही. म्हणाली, "अंगन घ्या. पैसा नको. माह्या मागं लेक इकूनच टाकीन, त्यापेक्षा देवाच्या घराले लागू द्या. माह्यं एकच म्हननं हाये. ट्रकच्या आधीचा नाताळ बंद नाही कराचा. मी असो का नसो."

मी म्हणालो, माय, मग हे बक्षीसपत्रात लिहून घे. जागेचा कागद होतोच आहे वाशीमला, त्यातच चार ओळी टाक.

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "माय, देवाला देताना अट लिहीत नाहीत. आपण हे प्रार्थनेत ठेवू. सगळी मंडळी साक्षी राहील."

रूथामायला ते पटलं. म्हणाली, "खरं हाये. देवासमोर बोलल्यावर अजून कोनाच्या समोर बोलाचं हाये?"

मी पुन्हा म्हणालो, माय, लिहून घे. तिनं मला गप्प केलं. "तू मंडपवाला हाये. तुह्या धंद्यात लोक पळते. अठी कोन पळीन? अठीच तर राहतात सारे."

रविवार आला. पाळकसाहेबांनी सगळ्यांना उभं केलं. रूथामाय पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या ओळीत, तिला पहिल्यांदाच पुढं बसवलं होतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, शब्द मला आठवतात, कारण मी कान देऊन ऐकत होतो: या बहिणीच्या जागेवर तुझ्या गौरवासाठी सभागृह उभं राहील, आणि ट्रक सुटण्याआधीचा नाताळ या मंडळीत दरवर्षी होत राहील, सर्वांनी आमेन म्हणावं. सगळे आमेन म्हणाले. प्रकाश सरांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. माझ्या धंद्यात गिऱ्हाइकानं सुपारी दिली की मंडप ठरला. मग पाऊस येवो, मरण येवो, मी जातो. रूथामायच्या लेखी ते आमेन म्हणजे सुपारी होती.

बाहेरच्या माणसाला हे भोळेपण वाटेल. जागा सरकारी कागदावर दिली आणि बदल्यातली गोष्ट प्रार्थनेत घेतली. पण ही चूक भोळ्या माणसाची नाही. ज्याच्यासाठी प्रार्थना खरी आहे त्याची आहे. ज्यांना ती खरी वाटत नव्हती त्यांनी ती पुढं होऊन केली, हा त्यातला लबाडपणा.

हॉल झाला. टाईल्स, पंखे, वर मोठा क्रूस. पहिल्या वर्षी ट्रकच्या आधीचा नाताळ हॉलमध्ये झाला. कोंबड्या आत आल्या, बुंदी फरशीवर सांडली, लेकरांनी पडद्याला हात पुसले. प्रकाश सर दाराशी उभे राहून पाहत होते. दुसऱ्या दिवशी ट्रक गेले, आणि सरांनी पाणी टाकून हॉल धुवून घेतला. मी विचारलं, पंचवीस तारखेनंतर पण धुणार का? ते म्हणाले, तुम्ही प्रत्येक गोष्टीत वाकडं का पाहता?

या वर्षी पोळ्याच्या बैठकीत छापील मसुदा आधीच तयार होता. तारीख नसलेली ती ओळ त्यात नव्हती. त्या जागी होतं: उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास जागवायची प्रवचनं, दिवाळीनंतर सात दिवस, बाहेरगावचे वक्ते.

रूथामायला वाचता येतं, हळूहळू. तिनं सूप बाजूला ठेवलं. बैठकीत सूप बाजूला ठेवलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"सर, नाताळ कुठी गेला?"

"नाताळ आहे ना माय. पंचवीस डिसेंबर, पाहा इथं."

"तो तुमचा. आमचा?"

"देवाचं घर आहे, आमचं-तुमचं काय त्यात? नाताळ एकच असतो. जगात एकाच दिवशी होतो. आपण बायबलप्रमाणे चालणारी मंडळी आहोत."

"मंग बायबल काढा," रूथामाय म्हणाली. "पंचवीस तारीख कोठी लिवली हाये ते दाखवा मले."

सगळे पाळकसाहेबांकडं पाहायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, "तारीख नाही दिलेली, माय. ती परंपरा आहे."

"तुमची परंपरा चालते, माह्यी नाही चालत. पयली बातमी कोनाले भेटली? मेंढपाळायले. रानात. रानातल्या मानसायलेच तुमी वगळून राह्यले."

मग मी बोललो. म्हणालो, त्या रविवारी सगळ्यांनी उभं राहून काय कबूल केलं होतं? हॉल मिळाला, आता शब्द जड झाला का? सर म्हणाले, "तुमचं दुखणं आम्हाला माहीत आहे. मंडप लागणार नाही म्हणून ओरडता." मी सांगितलं, हॉल झाल्यापासून तुमच्या चर्चमध्ये माझा एक बांबू लागला नाही, आणि हॉलच्या बाजूनं मी हात वर केला होता. माझं दुखणं तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्हाला दुखत नाही.

तेव्हा पाळकसाहेब जे बोलले ते लिहूनच ठेवतो. ते म्हणाले, "भाऊ, ती प्रार्थना होती, करार नव्हता."

रूथामायनं त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नाही. मला वाटतं, ती पहिल्यांदाच त्यांना पाहत होती. मग सूप उचलून घरी गेली.

पण तिनं सोडलं नाही. दिवाळी झाली. देवसिंगकडं जाऊन बसली, एक दिवस मागून आणला. हॉलमध्ये सभा होती, म्हणून पाळकसाहेबांना म्हणाली, हॉल नको, समोरचा ओटा द्या. दुपारच्या सुट्टीत, तेवढ्या वेळापुरता. पाळकसाहेब "पाहू" म्हणाले. ती "पाहू"ला होकार समजली. इतकं होऊनही समजली.

त्या दिवशी वस्तीवरून सगळे आले. लेकरांना आंघोळी घालून, डोक्याला तेल लावून. एका पोरानं आणि एका पोरीनं शेळीला ओढत आणलं होतं. मी टेम्पोत बिछायत आणली होती. फाटक बंद. ओट्यापर्यंत आणि उरलेल्या अंगणात पाहुण्यांच्या गाड्या लागलेल्या. आत माईकवर वक्ते बोलत होते. रूथामाय आपल्या घराच्या बाजूनं आत गेली. मी फाटकातून पाहत होतो. पाळकसाहेब दाराशीच होते, त्यांनी ओठावर बोट ठेवलं. ती काही बोलली. ते वाकून म्हणाले, तिनंच नंतर सांगितलं, "माय, आता वचन चालू आहे." प्रकाश सर आतून आले, फाटकाकडं पाहिलं आणि तिला म्हणाले, मला स्वच्छ ऐकू आलं, "हे सगळे आज कशाला आणले? पाहुण्यांसमोर शोभा नको."

ती बाहेर आली. मी म्हणालो, माय, फाट्यावर बिछायत टाकतो, तिथं करू. तिनं मान हलवली. म्हणाली, "रस्त्यावर नाही. घर असल्यावर रस्त्यावर नाही." तेव्हा शेळीवाल्या पोरीनं विचारलं, "आजी, मंग नाताळ कवा?"

रूथामायनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. बाया खाली पाहत होत्या. देवसिंग, ज्याचा एक दिवस वाया गेला होता, तोही खालीच पाहत होता. मग ती म्हणाली, "जा, घरी जा. सामान बांधा. मी येतो तुमच्यासंग."

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

सकाळी मी फाट्यावर गेलो तर ट्रक भरत होते. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, टोपल्यांखाली कोंबड्या. रूथामाय गाठोडं घेऊन उभी. देवसिंग हात जोडून बोलत होता, "माय, तथी थंडी लय हाये. खोपटात झोपा लागते. तुह्यं वय पाह्य."

"थंडी मले तू शिकवतं? तुह्या जन्माच्या आधी मी तथी होतो."

"कोयता नाही धरता येनार तुले."

"कोन धरते? बाया फडात जातीन, लेकरं मी पाहीन. आन् पंचवीस तारखीले त्यायचं नाटक घेईन, तथीच. तुले सुट्टी मांगनार नाही. पोरायले कुठं ऊस तोडाचा हाये?"

देवसिंगनं केबिनमध्ये जागा दिली. तिनं घेतली नाही. मागं चढली, दोघांनी हात दिला. मी खालून म्हणत होतो, माय, उतर, मी त्या कमिटीला ठिकाणावर आणतो, वार्षिक सभेत उभं करतो, तू थांब फक्त. मी काय काय म्हणालो असेन. तिनं गोधड्यांच्या ढिगावर जागा केली, एका बाईच्या कडेवरचं लेकरू घेऊन मांडीवर बसवलं आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "आता भाव नको करू. जा घरी. तुहा चहा राह्यला असन."

ट्रक हलला. एका पोरानं तिच्या पायावर कोंबडीची टोपली ठेवली, तिनं ती बाजूला सारली, पोरानं पुन्हा ठेवली, आणि दोघांचं त्यावरून भांडण लागलं. ते भांडण वळणापर्यंत चाललेलं मी पाहिलं.

आता डिसेंबर आहे. तिच्या दोन खोल्यांना कुलूप आहे. भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये नाताळची तयारी चालू आहे. प्रकाश सरांनी प्रमुख पाहुणे ठरवले आहेत. पाळकसाहेबांनी गेल्या रविवारी म्हातारपणी एकटं राहणाऱ्यांची काळजी घ्या म्हणून प्रवचन केलं. ऐकून मला तिथंच उठावंसं वाटलं, पण मी बसून राहिलो, कारण मला हे सगळ्यांसमोर, एकदाच, नीट विचारायचं आहे.

पाळकसाहेब, प्रकाश सर, सत्तरी ओलांडलेली एक बाई या थंडीत कारखान्यावरच्या खोपटात झोपते आहे. तिला कुणी पाठवलं? मुकादमानं नाही, तो हात जोडत होता. तिच्या लेकानं नाही, त्याला मी कळवलं तेव्हा कळलं. मला वर्षाचा अहवाल नको, आशीर्वाद नको, "देवाची इच्छा" तर मुळीच नको. पंचवीस तारखेला पाहुणे बसलेले असतील, सगळी मंडळी बसलेली असेल, तेव्हा दोघांनी उभं राहायचं आणि तिच्या लोकांसाठी फाटक का उघडलं नाही ते सांगायचं. त्या दिवशी मीही उभा राहीन, आणि तुम्ही सांगेपर्यंत खाली बसणार नाही.